कुमार यायच्या आधी

वडगावात साडीचा पदर काढणारे आता दोघंच उरलोय, मी आणि कुमार. आम्ही एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलो. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असूनही एकाच बाकावर कसे, याचा खुलासा इथं करण्याची गरज नाही. गल्ली त्याला कुमारअण्णा म्हणते. मला महादेव म्हणते.

पदर काढणं म्हणजे कॉम्प्युटरवर चौकटी भरणं. प्रत्येक चौकट म्हणजे एक धागा, वर की खाली एवढंच सांगायचं. फाईल तयार झाली की पंचिंग मशीन पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतं, एका ओळीला एक कार्ड. ती कार्डं मागावर चढतात आणि माग भोकांचं ऐकून मोर, कोयरी, जे काय असेल ते विणत जातो. मागाला आमचं नाव माहीत नसतं. नेसणाऱ्या बाईलाही नसतं. त्यामुळं ज्या दोनचार लोकांना माहीत असतं, त्यांच्याकडं आमचं बारीक लक्ष असतं.

पूर्वी हेच काम ग्राफपेपरवर चालायचं. माझे गुरू आण्णाप्पा मास्तर कार्डं ठोकून झाली की ग्राफ बंबात घालायचे आणि त्या पाण्यानं अंघोळ करायचे. नक्षी एक, प्रत एक. कारण एकदा त्यांचा ग्राफ कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत छापून नेला होता आणि पंधरा दिवसांत तोच काठ रविवार पेठेत दुसऱ्याच्या नावानं लटकत होता. तेव्हापासून आमच्या गल्लीत कॉपी हा शब्द चारचौघांत काढत नाहीत. ज्याची नक्षी दोन ठिकाणी सापडते, त्याच्या घरात काहीतरी गडबड आहे असं समजतात.

कुमारच्या घरात तीन ठिकाणी सापडते. दर शनिवारी तो सगळ्या कॉम्प्युटरचा पूर्ण बॅकअप घेतो. एक डिस्क कपाटात, दुसरी कंग्राळीला बहिणीच्या घरी. हे त्यानं स्वतः मला चहाच्या गाड्यावर सांगितलं, आपल्या बहिणीचं लग्न कुठं झालंय हे सांगावं इतक्या सहजपणे.

"म्हादेवा, तूबी पूर्ण बॅकअप घेत जा. नुसत्या रिस्टोअर पॉइंटवर ऱ्हाऊ नको."

"ते काय असतंय?"

"मशीनमधी खूण करून ठेवायची. काय बिघडलं की मशीन त्या दिवसाला परत जातंय. पण एक हाय…"

पुढचं वाक्य मी ऐकलं नाही, कारण तो बोलता बोलता फोन बघत होता आणि फोन नवा होता.

जेवढं ऐकलं तेवढं मात्र मला फार आवडलं. डिस्क नको, बहीण नको. नक्षी घराबाहेर जात नाही, आणि पाहिजे तेव्हा गेलेला सोमवार परत येतो. आण्णाप्पा मास्तरांनाही पटलं असतं. त्या दिवसापासून मी रोज सकाळी देवाला हात जोडून झाले की एक रिस्टोअर पॉइंट करू लागलो. मंगल, म्हणजे माझी बायको, विचारायची, "अहो, रोज उठून काय बटणं दाबता?" मी म्हणायचो, "कुमारपेक्षा पुढं गेलोय."

यंदा खरोखरच गेलो होतो. पौषात बनशंकरीच्या जत्रेला आमच्या गल्लीची साडी देवीला नेसवतात. कुणाचा पदर घ्यायचा हे यमनाप्पा ठरवतात. ते गल्लीचे पंच, वय ऐंशी, नजर अजून सुईत दोरा ओवणारी. सलग तीन वर्षं त्यांनी कुमारचा पदर घेतला. तिसऱ्या वर्षी मी देवीसमोर हात जोडून डोळे मिटून उभा राहिलो ते भक्तीनं नव्हे, समोरचा पदर दिसू नये म्हणून. यंदा यमनाप्पांनी माझा निवडला. जोंधळ्याची कणसं आणि त्यात दडलेले सतरा राघू, चौदाशे चाळीस ओळी, सात महिन्यांचं काम. साडी विणायला मालुबाईच्या मागावर. काठाची आणि साडीच्या अंगभर पसरलेल्या कणसांची कार्डं मी देऊन टाकली होती, पदराची राहिली होती. पदराची कार्डं शेवटच्या क्षणाला द्यायची, ही माझी खबरदारी.

जत्रा नऊ दिवसांवर असताना, सोमवारी, कॉम्प्युटरनं रात्रीत स्वतःहून काहीतरी अपडेट करून घेतलं आणि सकाळी पंचिंग मशीनला ओळख दाखवेना. तार काढून घातली, मशीनला उदबत्ती दाखवली. इचलकरंजीचा मेकॅनिक म्हणाला, चार दिवसांनी येतो. मंगल ही बातमी घेऊन किराणा आणायला गेली आणि परत येईपर्यंत बातमी यमनाप्पांच्या ओट्यावर पोचली होती. तासाभरात त्यांचा फोन आला.

"म्हादेव, कुमारला सांगिटलंय. तासाभरात येतोय तुझ्याकडं. त्याला त्यातलं कळतंय."

"आप्पा, कशाला त्याला तरास…"

"तरास कसला. देवीचं काम हाय."

फोन ठेवला. माझ्या खुर्चीत कुमार बसणार. माझा माऊस त्याच्या हातात. आणि पडद्यावर डाव्या कोपऱ्यात 'नक्षी' नावाचा फोल्डर, त्यात बावीस वर्षांच्या आठशे बारा फाईली, सगळ्यात वर सतरा राघू. तो चोरेल असं मी म्हणत नाही. पण बघेल. आणि एकदा बघितलेली गोष्ट त्याच्या डोक्यातून पुसायला कुठलं बटण नाही.

पेनड्राईव्हवर काढून ठेवावं, तर ती कॉपी झाली. मग मला सुचलं, आणि सुचल्यावर आपण त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहोत याचं पहिल्यांदा समाधान वाटलं. मी एक रिस्टोअर पॉइंट केला. त्याला नाव द्यावं लागतं, म्हणून दिलं, 'कुमार यायच्या आधी'. आणि मग नक्षी फोल्डर डिलीट केला. कचऱ्याच्या डब्यातूनही रिकामा केला. तो गेला की मशीन परत साडेअकराला न्यायचं. साडेअकराला फाईली होत्याच.

कुमार बरोबर साडेबाराला आला. मंगलनं "या भावजी" म्हणून चांगल्या कपबशा काढल्या, ज्या मला दिवाळीत दिसतात.

तो खुर्चीत बसला. "मोकळं मोकळं दिसतंय रं मशीन."

"मला पसारा आवडत न्हाय."

"बॅकअप हाय न्हव सगळ्याचा?"

"हाय."

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं. हा त्याचा जुना दोष. "अपडेटनं पंचिंगचा ड्रायव्हर बिघडलाय. मागच्या तारखेला न्हेतो. तुझं रिस्टोअर पॉइंट बघू."

मी काही बोलायच्या आत यादी पडद्यावर आली. सगळ्यात वर ठळक अक्षरात त्याचं नाव. कुमारनं ते वाचलं. चहाचा एक घोट घेतला. परत वाचलं.

"हे माझ्या नावाचं हाय," तो म्हणाला.

"दुसरा कुमार. शहापूरचा."

"त्योबी मशीन बघायला आलता काय?"

"त्यो नुसता आलता."

"मग ह्येला न्हाय न्हेत. रविवारचा घेतो, अपडेटच्या आधीचा." त्यानं बटण दाबलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की रविवारीसुद्धा फाईली होत्या. म्हणजे मशीन रविवारात पोचलं की आठशे बारा नक्ष्या त्याच्या नाकासमोर उभ्या राहणार. पडद्यावर गोल फिरत होतं. मी म्हटलं, चल, बाहेर ओट्यावर बसू. तो म्हणाला, होऊ दे की. मी म्हटलं, हवा चांगली आहे. तो म्हणाला, ऊन आहे. मी त्याच्या आणि पडद्याच्या मधे उभा राहिलो आणि त्याच्या बहिणीच्या तब्येतीची चौकशी केली. कंग्राळीच्या पिकापाण्याचीही केली. वीस मिनिटं मी त्या माणसाशी इतक्या मायेनं बोललो की मंगल आतून बघायला आली.

मशीन चालू झालं. मागून पंचिंग मशीननं खट्ट आवाज करून ओळख दिली. "झालं," कुमार म्हणाला आणि उठला. पडद्याकडं त्यानं बघितलंही नाही. मी त्याला दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत सोडून आलो.

परत येऊन बघतो तर नक्षी फोल्डर नाही.

म्हटलं, रविवार चुकीचा असेल. 'कुमार यायच्या आधी' यादीत होतं, त्याला नेलं. मशीन वीस मिनिटं गेलं आणि आलं, पंचिंग मशीन पुन्हा ओळख विसरलं, फोल्डर नाही. शनिवारला नेलं. शुक्रवारला नेलं. मग परत रविवारला. संध्याकाळपर्यंत मी सगळा आठवडा उलटा-सुलटा फिरून आलो. प्रत्येक दिवशी घड्याळ, पंचिंग मशीन, सगळं होतं तसं सापडलं. फक्त मी केलेलं काही सापडलं नाही.

असे चार फेरे झाल्यावर मी पडद्यावरची माहिती वाचली. ती तिथं पहिल्यापासून होती. रिस्टोअर पॉइंट मशीनची मांडणी परत आणतो, तुमच्या स्वतःच्या फाईलींना हात लावत नाही. चहाच्या गाड्यावर 'पण एक हाय' नंतर हेच असणार.

"कुमार भावजींना बोलवू?" मंगल म्हणाली.

"कशाला?"

"त्यांना कळतंय त्यातलं."

"आमाला काय कळतंय मग?"

तिनं चांगल्या कपबशा पुसायला घेतल्या. त्यांच्या किणकिणण्यातही मला भावजी ऐकू आले.

मंगळवारभर मी पदर आठवणीनं परत काढायला बसलो. सात महिन्यांचं काम. पहिल्या राघूची चोच झाली. बुधवारी सकाळी मालुबाई दारात. साठीची बाई, चाळीस वर्षं मागावर, हात कापसासारखे आणि जीभ कात्रीसारखी.

"म्हादेव, कार्डं कुठं हाईत?"

"होत आल्यात, आक्का."

"अंग इणून झालंय. माग नुस्ता हुबा हाय. पदराला मला पाच दिस लागत्यात. उद्या कार्डं न्हाय मिळाली तर काय करायचं?"

"मिळतील."

"यमनाप्पा म्हणालेत, न्हाय मिळाली तर कुमारअण्णाच्या गेल्या सालच्या पदराची कार्डं चढव. ती तयार हाईत म्हणं. त्येचं सगळं तयारच असतंय."

"माझ्या काठाला त्येचा पदर?"

"देवीला काय कळतंय कुणाचा ते. झाकलं म्हंजे झालं." एवढं बोलून ती गेली.

माझ्या डोळ्यांसमोर साडी आली. अंगभर माझी कणसं, आणि खांद्यावरून खाली, जिथं सगळ्यांची नजर जाते तिथं, कुमार. लोक म्हणणार, यंदाही कुमारअण्णांचा, बाकी कुणीतरी भरलंय. नक्षी त्यानं बघितली तर काय होईल या भीतीनं मी ती पुसली होती. आता ती कुणीच बघणार नव्हतं. दोन्हींपैकी वाईट काय, याचा मी अर्धा तास विचार केला आणि उत्तर माझ्या बाजूनं काही येईना. कॉम्प्युटरचा डबा पोत्यात गुंडाळून मी कुमारकडं गेलो. पोतं यासाठी, की गल्लीला जोंधळे वाटावेत.

कुमारनं पोतं सोडलं. "फाईली गेल्या?"

"गेल्या न्हाईत. मी घालवल्या."

"कशापायी?"

मी त्याला सांगितलं. सगळं. शहापूरचा दुसरा कुमारही रद्द केला. तो हसेल म्हणून मी वाट बघत होतो. हसला असता तर मला बरं पडलं असतं.

"डिलीट केल्यावर मशीन किती वेळा मागं न्हेलंस?" त्यानं विचारलं.

"तू न्हेलास ते धरून पाच."

"न्हेल्यावर दर वेळंला ते नवं काय काय लिवतंय रं. पुसलेल्या पाटीवर परत लिवल्यागत. बघू काय सुटलंय ते."

त्यानं डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली आणि गेलेल्या फाईली शोधणारा प्रोग्रॅम चालू केला. दोन तास लागले. मग पडद्यावर नावं उमटू लागली, अर्धी मोडकी. कुमार उठला, खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि दाराकडं गेला.

"कुठं चाललास?"

"तुझं काम हाय. तू उघडून बघ. मी अंगणात हाय."

आता बघा. बावीस वर्षं मी ज्या माणसापासून नक्षी लपवली, तो ती समोर असताना उठून अंगणात गेला आणि कडीपत्त्याला पाणी घालत बसला. मी खिडकीतून बघत होतो. एकदाही मान वळली नाही. चोराला घाबरून कुलूप घालावं आणि चोरानं घराकडं ढुंकूनही बघू नये, यात अपमान नक्की कुठं आहे ते सांगता येत नाही, पण असतो.

आठशे बारांपैकी पाचशे सहा परत आल्या. राघूंची फाईल आली. चौदाशे ओळी धड होत्या. खालच्या चाळीस ओळींच्या जागी राखाडी पट्टा होता, पदराची शेवटची किनार. मी तिथंच, कुमारच्या खुर्चीत बसून चाळीस ओळी भरल्या. मूळ काय होतं ते आठवेना. खाली सांडलेले दाणे होते एवढं आठवत होतं, म्हणून दाणे सांडले. तीन तास गेले. कुमारच्या बायकोनं भाकरी आणून ठेवली, तीसुद्धा पडद्याकडं न बघता. त्या घरात ही रीतच दिसत होती.

शेवटी मला राहवेना. खिडकीतून हाक मारली. "ये की रं, बघ की."

"बघू?"

"बघ म्हणतोय न्हव."

तो हात पुसत आला. वाकून बघू लागला. वरपासून खालपर्यंत, सावकाश, मोठं करून, लहान करून. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो. तिथं मला कमीत कमी थोडी जळजळ दिसायला पाहिजे होती. हिशेबानं तेवढं माझं येणं होतं.

"राघू सतरा हायत," तो म्हणाला.

"मोजलास?"

"दडवलेत म्हंजे मोजायलाच की." मग खाली बोट नेलं. "हे दाणे नवीन हायत न्हव, आज भरलेले?"

"कशावरनं?"

"वरचं लई घट्ट हाय. हे मोकळं पडलंय. हे बरं आलंय."

स्तुती होती. पण सात महिन्यांच्या कामाची नव्हती, तीन तासांच्या कामाची होती, आणि ते तीन तास मी त्याच्या खुर्चीत बसलो होतो. मी खालचे दाणे परत एकदा मोठे करून बघितले. मग तो म्हणाला, "ह्येची कॉपी करू काय? परत पुसलं तर मिळायचं न्हाय."

बाहेर कुणी ऐकत नाही ना ते मी बघितलं. "कर. किती लागत्यात?"

"दोन तरी. एक माझ्याकडं, एक लांब कुठंतरी. तुझं कोण हाय?"

"येळ्ळूरला साडू हाय."

"विश्वासाचा हाय?"

"अजिबात न्हाय. पण त्येला कॉम्प्युटर चालू करायला येत न्हाय."

"मग चालतंय," कुमार म्हणाला आणि डिस्क लावली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. आण्णाप्पा मास्तर वारले आहेत, तेवढं एक बरं.

गुरुवारी दुपारी कार्डं मालुबाईच्या मागावर चढली. पाच दिवस ती कुणाशी बोलली नाही, सहाव्या दिवशी साडी घडी घालून यमनाप्पांच्या हातात दिली. जत्रेच्या सकाळी देवीला नेसवली. पदर समोर सोडला. यमनाप्पा माईकवर म्हणाले, "पदर, वडगावच्या महादेवचा." महादेवअण्णा म्हणाले नाहीत, पण माईकवर म्हणाले.

आणि त्याच क्षणी सगळ्या देवळानं फोन वर केले. बायका, पोरं, शहापूरचे मागवाले, लांबून आलेले अनोळखी लोक, सगळे माझा पदर काढून नेत होते. जवळून, तिरका, मोठा करून. पाच मिनिटांत सतरा राघू निदान पाचशे फोनांत जाऊन बसले. बावीस वर्षांत मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याच दृश्याची. मी उभा राहून एकेक फोन मोजत होतो आणि आकडा चुकला की परत पहिल्यापासून मोजत होतो, कमी भरू नये म्हणून.

मग मला दिसलं की एकच माणूस फोन खिशात ठेवून उभा आहे. खांबाला टेकून, हात जोडून, डोळे उघडे. इतक्या सगळ्या लोकांना माझा पदर न्यावासा वाटतो आणि याला वाटत नाही. मी गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेलो.

"तू फोटो न्हाय काढलास?"

"माझ्याकडं अख्खी फाईल हाय की रं," कुमार म्हणाला.

ते खरं होतं. तरीही मी त्याच्या खिशातून त्याचा नवा फोन काढून घेतला, पुढं जाऊन, नीट उजेड बघून, त्याला एक फोटो काढून दिला.